पाचटाचा धूर

माझ्या वहिनींचा आवाज सगळ्या गावाला माहीत होता. कागलहून मुरगूडकडे जाताना रस्त्यालगत आमचं गाव लागतं. घर गावाच्या टोकाला, आणि तिन्ही बाजूंनी ऊस. दुपारी भाकरी झाल्या की वहिनी परसात उभ्या राहून दादाला अशी हाक मारायच्या की तो कुठल्याही बांधावर असो, खुरपं टाकून निघायचा. शेजारचे लोकही त्या हाकेवर जेवायला बसत.

दादा माझा थोरला भाऊ. मी लग्न होऊन कोल्हापुरात आले. कळंब्याला राहते, शाळेत शिकवते. एका दिवाळीत माहेरी गेले होते, तेव्हा वहिनींनी दादाला जेवायला बोलवायला मोबाईल लावला. मला हसू आलं.

"वहिनी, हाक मारायची सोडून फोन कसला?"

"दम पुरत न्हाई, वन्सं," त्या म्हणाल्या आणि पाठमोऱ्या होऊन खोकल्या.

तो खोकला नवा नव्हता. दरवर्षी ऊसतोड सुरू झाली की यायचा आणि उन्हाळा लागला की जायचा. थंडीचा खोकला म्हणून आम्ही कुणी मनावर घेतलं नव्हतं. आलं-मध, काढा, गावातल्या दवाखान्याच्या गोळ्या, सगळं झालं होतं. त्या वर्षी मात्र रात्री झोपताना पाठीशी दोन उशा लावायची वेळ आली. दादा रानातून थकून यायचा आणि पडल्या पडल्या झोपायचा. त्याला त्या उशा दिसल्या तरी त्यांचा अर्थ कळला नसावा. मीच वहिनींना कोल्हापूरला घेऊन आले.

डॉक्टर बाई शांत होत्या. त्यांनी वहिनींना एका नळीत जोरात फुंकायला लावलं. वहिनींनी डोळ्यांत पाणी येईस्तोवर फुंकलं, पण समोरच्या पडद्यावरची रेघ काही वर चढेना.

"चुलीवर स्वयंपाक करता?"

"गॅस हाय की."

"घरात कुणी विडी-सिगारेट ओढतं?"

"मालक तंबाखू खात्यात. वडत न्हाईत."

"मग धूर येतो कुठून?"

वहिनी माझ्याकडे बघायला लागल्या. म्हणाल्या, "शिवारातनं."

आमच्याकडे ऊस तोडून नेला की रानात वाळलेला पाला उरतो, त्याला पाचट म्हणतात. ते पेटवायचं, रान मोकळं करायचं आणि बुडख्यांतून पुन्हा फुटणारा खोडवा धरायचा, ही पिढ्यान् पिढ्यांची रीत. हंगामात संध्याकाळी कुठं ना कुठं पेटलेलंच असतं. आकाश तांबडं होतं आणि काळी राख तरंगत येऊन दुधाच्या पातेल्यात, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. लहानपणी आम्ही ती राख झेलायला अंगणात पळायचो. ती कुणाच्या छातीत जाऊन बसत असेल, असं मनातही आलं नव्हतं.

डॉक्टरांनी तोंडातून ओढायचा पंप दिला आणि सांगितलं, "औषध आराम देईल. पण धुरातच राहिलात तर औषध तरी काय करणार?"

वहिनी माझ्याकडे राहिल्या. आठवडाभरात खोकला उतरला. सकाळी आम्ही कळंबा तलावाच्या कडेनं फिरायला जायचो. एकदा वाटेत एक माणूस कचऱ्याचा ढीग पेटवून शेकत बसला होता. पिशव्या, बाटल्या, कसलं तरी रबर, सगळं त्यात. धुराचा एक लोट आमच्यावर आला आणि वहिनी कठड्याला धरून उभ्या राहिल्या. श्वास लागला. पंप ओढून जरा सावरल्या आणि तडक त्या माणसाकडे गेल्या.

"ओ पावणं, प्लास्टिक कशाला जाळताय?"

"थंडी हाय मावशी. शेकतोय जरा."

"घरात जाऊन गोधडी घ्या की! तुमच्या नाकातबी तेच जातंय. कळतंय का?"

माणूस ओशाळला. त्यानं पायानं माती लोटून विस्तव दाबला. परत येताना म्हणाल्या, "परक्या माणसाला दमात घेतलं बघा. आणि घरच्याला आजवर एका शब्दानं बोलले न्हाई."

घरी येऊन त्यांनी दादाला फोन लावला. "आवंदा पाचट पेटवू नगासा. पेटवलासा तर मी येत न्हाई."

दुसऱ्या दिवशी दादा दुधाची किटली घेऊन माझ्या दारात हजर. चहा घेतला, ऊस कारखान्याला गेल्याचं सांगितलं, म्हशीचं सांगितलं. मूळ विषयाला येता येईना. शेवटी म्हणाला, "तू म्हणतीस ते खरं. पण पाचट तसंच ठेवलं तर पाणी कसं पाजू? उंदरं हुत्यात, साप येतो. आपल्या बापानंबी पेटवलंच की."

"मामंजींच्या टायमाला ऊस किती हुता?" वहिनींनी विचारलं. "जोंधळा हुता, भुईमूग हुता, तंबाखू हुती. आता चारी बाजूला ऊसच. धुरानं जायचं कुठं? आपल्याच घरात येतोय त्यो."

दादानं रिकामी किटली उचलली. जाताना एवढंच म्हणाला, "बघतो."

त्यानं खरंच बघितलं. एकाआड एक सरीत पाचट दाबून बसवलं, मोकळ्या सरीतून पाणी सोडलं. लोक हसले. 'बायकोनं रानातबी राज्य सुरू केलं,' असं कुणी तरी पारावर म्हणालं. दादानं मला हे फोनवर सांगितलं, तेव्हा त्याच्या आवाजात राग नव्हता. थोडी लाज होती, एवढंच.

मग मी वहिनींना गावी सोडायला गेले, आणि नेमकं त्याच दुपारी शेजारच्यांनी त्यांचं रान पेटवलं. वारा फिरला. ठिणग्या बांध ओलांडून आमच्या दाबलेल्या पाचटात पडल्या. वहिनींना मी घरात बसवलं, खिडक्यांना ओली लुगडी लावली आणि दादामागं पळाले. लिंबाच्या ओल्या डहाळ्यांनी आम्ही आग झोडपली. शेजारीही धावत आले. रानाचा कोपरा जळाला, बाकी वाचलं. पण बांधावरचं जांभळाचं झाड एका अंगानं करपून गेलं आणि त्यातले पक्षी कितीतरी वेळ वरच्या वर ओरडत फिरत राहिले.

दादा घरी आला तो खोकतच. चेहरा काळा, डोळे लाल. ओसरीवर बसला, बोलायला गेला, पण श्वास पुरेना. वहिनींनी पाण्याचा तांब्या पुढं केला. घोटभर पिऊन तो त्यांच्याकडे बघत राहिला.

"तुला रोज असंच हुतंय?"

"हंगामात रोज," वहिनी म्हणाल्या. "तुमचं जाईल उद्याच्याला."

संध्याकाळी तो शेजाऱ्यांकडे गेला. भांडण होईल म्हणून मी मागोमाग गेले, पण भांडण झालं नाही. शेजारी आधीच वरमले होते. पेटवायचं बंद करायला ते तयार झाले नाहीत, मात्र आधी सांगून पेटवू म्हणाले. तेवढ्यावर दोघांनी तंबाखू मळली.

तेव्हापासून निरोप आला की वहिनी कळंब्याला येतात आणि धूर सरला की परत जातात. दादाच्या रानात आता माती मऊ झाली आहे, खोडवाही बरा येतो. डॉक्टर बाई म्हणतात, जेवढं फुप्फुस गेलं ते परत यायचं नाही. आहे ते सांभाळायचं. पंप वहिनींच्या कमरेच्या पिशवीत कायम असतो.

गेल्या संक्रांतीला त्यांनी हळदीकुंकू केलं. गावातल्या बायका ओसरीवर दाटीनं बसल्या होत्या. वाण देऊन झाल्यावर वहिनींनी पंप काढून सगळ्यांना दाखवला. "हे बघा, ह्यावर चाललीय मी. खोकला कुणाकुणाच्या घरात हाय, हात वर करा."

आधी हशा पिकला. मग एकेक हात वर यायला लागला. कुणाची सासू, कुणाचं लेकरू.

"मग घरी जाऊन मालकांस्नी सांगा," वहिनी म्हणाल्या. "मला सांगायला लई वरसं लागली. तुमी एवढी लावू नका."

कोपऱ्यातल्या एका म्हातारीनं विचारलं, "आणि न्हाई ऐकलं तर?"

"तर माझ्याकडं धाडा," वहिनी म्हणाल्या आणि तिळगुळाचं ताट पुढं सरकवलं.