तीस भाग वाचवणाऱ्या आई

आई गेल्या त्या दुपारी मी ऑफिसात होते. नवऱ्याचा फोन आला. "मेधा, आई गेली… खुर्चीतच. सिरियल बघत होती." पिस्कॅटवेला घरी ड्राइव्ह करताना मला रडू येईना. डोक्यात एकच वेडा प्रश्न, तो भाग तरी पुरा झाला असेल का? त्याला आता सहा आठवडे झाले. आई म्हणजे माझ्या सासूबाई.

त्या सोलापूरच्या शाळेत गणित शिकवायच्या. सासरे गेल्यावर इथे अमेरिकेत आमच्याकडे आल्या आणि काही वर्षांनी चिनी मालिकांच्या नादी लागल्या. इंग्रजी सबटायटल्स भराभर पळतात म्हणून दर वाक्याला रिमोट दाबायच्या, ते मोठ्यानं मराठीत सांगायच्या आणि मगच पुढे जायच्या. एका भागाला दोन तास! मी वैतागायचे, पण माझी लेक इरा शेजारी बसून सगळं बघायची. सत्ताविशी उलटलेल्या मुलीला स्थळं बघायला कॅफेत धाडणारे आईबाप, नववर्षाच्या जेवणात "लग्न कधी?" विचारणाऱ्या आत्या आणि मुलाचं प्रेम मोडायला टपलेली त्याची आई. "कांदेपोहेच गं हे, पोह्यांच्या जागी कॉफी," आई म्हणायच्या.

मग एक दिवस इरानं सांगितलं, "आय वाँट टु मॅरी डॅनियल." डॅनियल तिच्याबरोबर शिकलेला, आईवडील चीनमधून आलेले. स्वतःला मोठी मोकळ्या विचारांची समजणारी मी तोंड फुगवून बसले. आपली भाषा, आपले सण, सगळं माझ्यापाशीच संपणार असं वाटलं… खरंच वाटलं. इरा हट्टी. आठवडाभर आम्ही एकमेकींशी बोललो नाही.

शेवटी आईंनी मला समोर बसवलं. "मेधा, तू सध्या पाचव्या भागातली आई आहेस. पस्तिसाव्यात रडून हो म्हणशील. त्यापेक्षा आत्ताच म्हण, तीस भाग वाचतील." मला हसू आलं आणि त्याचाच राग आला. तरी डॅनियलच्या आईला घरी बोलवायला मी तयार झाले.

लिन आली. डॅनियल लहान असताना नवरा गेलेला, मुलाला एकटीनं वाढवलेलं, बोलणं मोजकं. मी आयसेलिनच्या भारतीय दुकानातून मुद्दाम शेवंतीची वेणी आणली होती, पांढरी आणि पिवळी. आल्या आल्या मोठ्या मानानं तिच्या हातात ठेवली. लिनचा चेहरा उतरला. डॅनियल गोरामोरा. मला काहीच कळेना, पण कबूल करते, क्षणभर मनात आलं, बरं झालं, मोडतंय आपोआप.

आईंना मात्र कळलं. मालिकांमध्ये थडग्यावर हीच फुलं ठेवताना त्यांनी कितीदा पाहिलं होतं. त्या उठल्या, लिनच्या हातातली वेणी अलगद घेतली आणि स्वतःच्या अंबाड्यात खोवली. सासरे गेल्यापासून, बावीस वर्षांत, त्या केसांना फूल लागलं नव्हतं. हळदीकुंकवालासुद्धा त्या दाराआडच बसायच्या.

"इरा, सांग त्यांना," आई म्हणाल्या. "तुमच्याकडे ही फुलं गेलेल्या माणसाची. आमच्याकडे ती सवाष्णीची. आपण दोघी ना गेलेल्या, ना सवाष्ण, म्हणजे दोन्हीकडे फुलांपासून लांबच. मी आजपासून माळणार."

इरानं इंग्रजीत सांगितलं. लिननं पुढे होऊन आईंची घसरणारी वेणी दोन्ही हातांनी नीट केली. दोघींचे डोळे भरले होते आणि दोघी हसत होत्या. मीही रडले, पस्तिसाव्या भागाच्या कितीतरी आधी. "डॅनियल, बस रे, पुरणपोळी खा," एवढंच मला सुचलं.

लग्नात इरानं चिनी रीतीनं वडीलधाऱ्यांना चहा दिला. पहिला पेला आईंचा होता. फेटेवाल्या डॅनियलला त्यांनी हाताला धरून नाचवलं! म्हातारी जिंकली होती आणि तिला ते पक्कं ठाऊक होतं.

परवा मी त्यांची खोली आवरायला घेतली. आरशाखालच्या खणात जपमाळेशेजारी अंबाड्याला फुलं खोचायच्या आकड्यांचं पाकीट सापडलं. त्या एकट्या दुकानात गेल्या कधी, कोणाला विचारलं, मला आजवर पत्ता नाही. शंभर आकड्यांचं पाकीट होतं. निम्मं वापरून झालेलं.