माझी जीभ आणि माईची बरणी

मी आयुष्यात एकदाच वाइनचा जाणकार होतो, तेही जेमतेम महिनाभर.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे, राहायला नवघरला. कारखान्यात माझ्या शेजारच्या टेबलावर पास्कू बसायचा, जवळच्याच उत्तन गावचा ख्रिस्ती. एकदा डबा खाताना तो घरच्या वाइनचं सांगत होता आणि मी, ज्याने तोवर खोकल्याच्या औषधापलीकडे मजल मारली नव्हती, सहज म्हणून गेलो, "जुनी वाइन रंगावरून कळते. उजेडात धरायची." (लायब्ररीतल्या एका पुस्तकाची दोन पानं वाचली होती. तिसरं फाटलेलं होतं.)

पास्कूचा घास हातातच राहिला. "परब, तू तो छुपा रुस्तम निकला यार!"

तेव्हाच मी गप्प बसायला हवं होतं. पण कौतुक झालं की माझी अक्कल गवत खायला जाते. मी आणखी दहा मिनिटं बोललो.

महिन्याभरात पास्कूच्या मुलीचं, रोझीचं लग्न ठरलं. त्यांच्या घरची रीत अशी की मुलगी जन्मली त्या वर्षी काळ्या द्राक्षांची वाइन बरणीत भरायची, तोंड कापडाने बांधून माती लिंपायची, बरणी माजघरात पुरायची आणि लग्नात काढायची. (दारूबंदी आली, सैल झाली, बरणी जमिनीखाली असल्यामुळे तिची आणि सरकारची गाठ पडली नाही.) रोझीची बरणी बावीस वर्षांची होती. पास्कूची आई, जिला सगळं गाव माई म्हणायचं, तिने स्वतःच्या हाताने भरलेली.

"व्याही वसईचे. नावं ठेवायला टपलेत," पास्कू म्हणाला. "आंबली असेल तर लग्नात नको, सरळ मटणाच्या टोपात शिरका म्हणून ओतू. तू चाखून सांग. तू सांगशील ते फायनल."

निघताना बायकोने पिशवीत एक बाटली ठेवली. लग्नघरी रिकाम्या हाताने कसं जायचं? वर म्हणाली, "तुम्हाला आमटीत मीठ नाही हे मी सांगितल्यावर कळतं. वाइन कसली ओळखताय?"

"तुला त्यातलं कळत नाही," मी म्हणालो आणि उत्तनची बस पकडली.

माईने बाटली घेतली, मला खिडकीशी बसवलं आणि उकरून काढलेल्या बरणीशेजारी चार ग्लास भरून मांडले. पास्कू समोर उभा, दारात रोझी पदराचं टोक चावतेय. मी पहिला ग्लास उजेडात धरला, पुस्तकात होतं तसा गोल फिरवला. अर्धा शर्टावर गेला.

"नवी," मी म्हणालो. गोड होती.

दुसरी जरा कमी गोड. "तीन-चार वर्षांची." पास्कूने मान डोलावली. मला घाम फुटला, कारण मी बरोबर निघालो होतो.

तिसरीने मात्र जिभेला असा चिमटा काढला की डोळे मिटले. गोडवा नावालाही नाही. "ही गेली, पास्कू. शिरका झाला."

चौथी! काय सांगू? आंबटगोड, गार, जन्माची ओळख असल्यासारखी. मला अक्षरशः भरून आलं. "हीच ती बावीस वर्षांची," मी म्हणालो. "काळ मुरलाय हिच्यात."

पास्कूचा चेहरा उतरला. "परब, तिसरी रोझीची होती रे."

रोझी डोळे पुसत आत वळली. माईने बरणी उचलली आणि चुलीकडे गेली.

"मग चौथी कुठली?" मी विचारलं.

पास्कूने मी आणलेली बाटली फिरवली. चिठ्ठीवर माझ्या बायकोचं अक्षर होतं: कोकम सरबत, पाणी घालून घेणे.

मी आजन्म कोकणी माणूस. बारशापासून कोकम पितोय. मी तसाच चुलीकडे धावलो, वाटेत पाट उडवला, "माई, ओतू नका! मला काही कळत नाही! मी आज पहिल्यांदाच प्यायलोय!"

माई टोपाशी बसली होती. टोपात पळीने शिरका घालत होती, तो वेगळ्याच बुधल्यातला. रोझीची बरणी तिच्या मांडीशी होती, झाकण घट्ट लावलेलं.

"बावीस वर्सं राखली ती तुझ्या जिभंवर ओतीन व्हय?" ती म्हणाली. "मी सकाळीच चाखली. झ्याक हाय. जुनी गोड नसते, बाबा. पास्कू तुझं लय गुण गात व्हता, म्हून बघितलं तू कवा खरं बोलतंस."

मी तिथेच जमिनीवर बसलो आणि हसू लागलो. इतकं हलकं मला बोनस मिळाल्यावरही वाटलं नव्हतं. रोझी रडता रडता हसली, पास्कूने माझ्या पाठीत एक गुद्दा घातला. तो प्रेमाचा होता असं मी धरून चालतो.

लग्नात वसईच्या व्याह्यांनी रोझीच्या वाइनचे तीन-तीन ग्लास घेतले आणि नावं ठेवायचं विसरून गेले. मला माईने स्वतः वेगळा ग्लास आणून दिला, कोकमाचा. व्याह्यांनी वाकून विचारलं, "यांना हे वेगळं काय?"

"ते जाणकार हाईत," माई गंभीरपणे म्हणाली. "त्यांना हीच जुनी लागते."

मी ग्लास उजेडात धरला, गोल फिरवला आणि माझ्या दुसऱ्याही शर्टावर सांडला.