टिकलीचं वॉरंट

शैलजाची झडती घ्यायची पद्धत फार सभ्य. ती तिला झडती म्हणतच नसे. ती म्हणे, "आवरते."

अमेरिकेतल्या ट्रॉय शहरात गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात ती इन्स्पेक्शनला होती. तिथे तिच्या नजरेतून केसाएवढा चरा सुटत नसे. घरी आली की नजर तीच, हातात फक्त फडकं. आवरता आवरता नवऱ्याचे खिसे व्हायचे, गाडीचा डिकीखालचा कप्पा व्हायचा, दुसऱ्यांकडे जेवायला गेली तर त्यांचा फ्रीजही व्हायचा. आणि बोलणार कोण? आवरणाऱ्या बाईला नको म्हणणारा मराठी माणूस अजून जन्मायचाय.

खरं दुखणं मात्र वेगळंच होतं. तिची सतरा वर्षांची लेक, अनया, बोलेनाशी झाली होती. भांडण नाही, तंटा नाही. शाळा कशी चाललीय? "फाइन." जेवलीस? "फाइन." ती तुझी मैत्रीण केया का येत नाही हल्ली? "इट्स फाइन, आई." आता या फाइनमधून आईने समजायचं काय, कपाळ? म्हणून शैलजा तिची खोली आवरायची. पोरगी सांगत नाही ते ड्रॉवर तरी सांगेल, एवढीच बिचारीला आशा.

एका शनिवारी अनयाने तिला रंगेहाथ पकडलं. शैलजा अर्धी कपाटात, अर्धी बाहेर.

"आई, वॉरंट आहे तुझ्याकडे?"

"मी आवरत होते गं!"

अनया शाळेच्या खोट्या कोर्टात वकिली करायची, स्पर्धेसाठी. तुंबलेलं सगळं तिने त्या दिवशी एका दमात बाहेर काढलं, पण स्वतःचं नव्हे, बॉस्टनचं. इंग्रजांच्या राज्यात तिथल्या कस्टमवाल्यांकडे म्हणे एक कागद असायचा. तो दाखवला की कुणाच्याही घरात शिरा, हवं ते उघडा, काय शोधताय ते सांगायची गरज नाही. का, तर चोरून आणलेलं मोलॅसिस सापडावं!

"ते काय असतं?"

"ब्राउन, स्टिकी. गुळासारखं."

"काकवी!" शैलजा कपाटातून पूर्ण बाहेर आली. "काकवीसाठी लोकांची घरं उपसायचे मेले?"

"आणि तो कागद राजा मरेपर्यंत चालायचा. प्लस सिक्स मंथ्स."

"त्यात काय! माझ्या सासूबाईंचे नियम अजून चालू आहेत."

त्या कागदाविरुद्ध एक वकील कोर्टात तासन्‌तास बोलला आणि हरला. पण लोक ते विसरले नाहीत. पुढे देश स्वतंत्र झाल्यावर त्यांनी घटनेतच लिहून टाकलं, की शपथेवर सबळ कारण द्या, कुठली जागा आणि कुठली वस्तू ते नेमकं सांगा, मगच वॉरंट मिळेल.

"पण हे सरकारसाठी ना? मी काय सरकार आहे?"

"हो," असं अनया म्हणाली, आणि तळघरातून केदारही म्हणाला.

मग ठरलं, यापुढे अनयाच्या खोलीत वॉरंटशिवाय झडती नाही. केदार म्हणजे शैलजाचा नवरा. तो घरूनच काम करायचा, आणि वीस वर्षांत त्याने कुठल्याच बाबतीत मत दिलेलं नसल्यामुळे न्यायाधीश म्हणून तोच नेमला गेला. महाराष्ट्र मंडळाने सत्कारात दिलेली शाल पांघरून, ऑफिसची मीटिंग म्यूट करून, तो तळघरात न्यायदानाला बसू लागला.

शैलजाने पहिला अर्ज केला चहाच्या कपांसाठी. "देवाशपथ सांगते, घरातले निम्मे कप तिच्या खोलीत आहेत." मंजूर! ती गेली, तीन कप मिळाले. ड्रॉवरला हात लावला तशी अनया म्हणाली, "कप त्यात मावत नाही." हात मागे घेऊन शैलजा बाहेर आली. कायद्याने बाईचं नाक कापलं.

पण ती इन्स्पेक्टर होती, हार मानते की काय! दोन दिवस विचार करून तिने दुसरा अर्ज टाकला.

"टिकली हरवलीय. तिच्या खोलीत. देवाशपथ."

केदारला वाटलं, एवढीशी टिकली, द्या परवानगी. अरे बाबा, एवढीशी आहे म्हणूनच तर! टिकली कुठेही चिकटू शकते. उशीखाली, वहीत, मोज्यात, आरशामागे. अनया शाळेतून आली तेव्हा तिची आई टॉर्च घेऊन बुटाच्या आत बघत होती.

"दॅट्स अ जनरल वॉरंट!" पोरगी अशी किंचाळली की खाली केदारची शाल घसरली. "बॉस्टनवाले तरी काकवी शोधत होते, आई! तू काय शोधतेयस?"

शैलजाने टॉर्च विझवला. आपण काय शोधतोय ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. न्यायालयाने वॉरंट रद्द केलं, दार बंद झालं, आणि आतून लॉक लागलं.

त्यानंतर तिने फडकं हातात घेतलं नाही. कप गेले तर गेले. रिकाम्या हातांनी घरात फिरायची, आणि कुणी विचारलं तर "फाइन" म्हणायची. केदारला ते बघवेना.

मग एका संध्याकाळी त्या खोलीतून रडण्याचा आवाज आला. दाबलेला, उशीतला. शैलजा दारापाशी गेली आणि खाली ओरडली, "केदार, पोरगी रडतेय! याला अर्ज काय म्हणून करू?"

केदार शाल सावरत, दोन-दोन पायऱ्या चढत आला. धापा टाकत म्हणाला, "इमर्जन्सीत वॉरंट लागत नाही. मी वाचलंय. ही बघ चावी, उघड!"

चावी हातात आली. कायदा बाजूने, नवरा बाजूने, आणि अख्खी खोली पलीकडे. शैलजाने चावी त्याला परत दिली आणि दार वाजवलं. लेकीचं दार वाजवायची ही तिची पहिलीच वेळ.

रडणं थांबलं. "काय शोधायचंय?" आतून आवाज आला.

"काही नाही गं," शैलजा म्हणाली. "मला आत घे."

आतून पावलं दारापाशी आली. मग लॉक निघालं.