सख्खी बहीण, सख्खी जाऊ

शालू गेल्याचा फोन मला आला नाही, तो सोनलला आला. सोनल म्हणजे शालूची सून, ती माझ्याकडे राहते. सकाळी पाण्याची मोटर लावून मी अंगणात उभी होते, तर ती मोबाइल हातात धरून दारात आली आणि नुसतीच उभी राहिली. मी म्हटलं, "काय झालं वं?" तर म्हणाली, "मोठ्या आई, आई गेल्या." टाकी भरून पाणी वाहायला लागलं तरी मोटर बंद करायचं आम्हा दोघींच्या ध्यानात आलं नाही. शालू, म्हणजे शालिनी, माझी धाकटी बहीण, आणि माझी जाऊसुद्धा. तिच्या घरात आजही माझा नंबर कुणाकडे नाही, किंवा असला तरी लावायची कुणाची तयारी नाही. आता महिना होत आला. भेटायला येणारे विचारतात, "शेवटी झालं ना तुमचं सगळं नीट?" मी हो म्हणून मोकळी होते. सगळं सांगत बसायची ताकद नसते... आज सांगते.

आमचे वडील वर्ध्याच्या कापूस बाजारात एका अडत्याकडे कामाला होते. दोघी बहिणी एकाच घरात दिल्या म्हणजे एकमेकींना आधार होईल, असा त्यांचा हिशेब. पवनारच्या पुढे एका गावात शेती आणि वर्ध्यात सिमेंट-लोखंडाचं दुकान, असं ते घर. मोठ्या भावाला मी, धाकट्याला शालू, एकाच मांडवात. शालू लहानपणापासून माझ्या मागे मागे असायची. फ्रॉकचं कापड दाखवलं तरी म्हणायची, "ताईले विचारा." पालीला भ्यायची, वडिलांच्या चपलांच्या आवाजाला भ्यायची, दारावर पोस्टमन आला तरी आत पळायची. लग्नाचं विचारलं तेव्हाही तिचं उत्तर तेच, ताईले विचारा. मी हो म्हटलं, म्हणून ती त्या घरात आली. पुढे मी तिच्यावर कितीही चिडले तरी ही गोष्ट मध्ये येऊन बसायचीच.

माझा नवरा मारायचा. हे एका वाक्यात सांगते, कारण जास्त वाक्यं खर्च करावीत एवढी त्याची लायकी नव्हती. भाजी खारट झाली, दुकानात गिऱ्हाईक फिरकलं नाही, मला मूल होत नाही, कारण कुठलंही चालायचं. सासूबाई अशा वेळी टीव्हीचा आवाज वाढवायच्या. सासरे चप्पल घालून पानठेल्यावर जायचे. नंतर शालू गुपचूप हळद-तेल घेऊन यायची आणि माझ्यापेक्षा जास्त रडायची, इतकी की मलाच तिला गप्प करावं लागे. तेव्हा मला तेवढंही पुरत होतं. एका दुपारी ती ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती आणि आत मला मार पडत होता. दार उघडं होतं. मी तिला हाक मारली. एरवी कधी मारली नव्हती, त्या दिवशी मारली, "शालू, ये वं!" ती उठली. मला वाटलं, येते आहे. तिनं आपल्या पोराला कडेवर घेतलं आणि मागच्या दारानं निघून गेली... त्या दिवशी माझा हात मोडला. हात महिना-दीड महिन्यात बसला.

त्यानंतर मी त्या घरात राहिले नाही. पोलिस ठाण्यात तक्रार लिहून घेणाऱ्यानं विचारलं, "घरात आणखी कोण कोण?" मी एकेक नाव सांगत गेले आणि शेवटी शालूचंही सांगितलं. माझे वकील नंतर म्हणाले, "बाई, बहिणीचं नाव काढून टाकू. उद्या ती तुमच्या बाजूनं बोलेल." मी नाही म्हटलं. मला तिची साक्ष नको होती. तिनं कोर्टात आरोपींच्या बाकावर बसावं, लोकांनी तिच्याकडे वळून बघावं, एवढंच हवं होतं. आणि ती बसली. तारखेमागून तारखा, कडेवरचं पोर पायांवर चालायला लागलं, कोर्टाच्या व्हरांड्यात बिस्किटं खात मोठं झालं. तिचा जबाब घेतला तेव्हा ती सासूच्या शेजारी उभी राहून म्हणाली, "मले काही माहीत नाई. मी काही पाह्यलं नाई." एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. सगळे सुटले. तिचं नाव दिल्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. मेलेल्या बहिणीविषयी असं लिहिणं बरं दिसत नाही, पण खोटं लिहिणं त्याहून वाईट दिसेल.

पुढची वर्षं कशी गेली ते सांगण्यासारखं फार नाही. घटस्फोट झाला, मी शिक्षिकेची नोकरी धरली, गावाबाहेरच्या वस्तीत दोन खोल्या बांधल्या. नातेवाइकांची मात्र तारांबळ उडायची. लग्नाकार्यात एकीला हळदीला बोलवायचं आणि दुसरीला रिसेप्शनला, म्हणजे गाठ पडायला नको. मामेभावाचा एकदा घोटाळा झाला आणि आम्ही दोघी एकाच पंगतीत समोरासमोर आलो, तर वाढणाऱ्या बायका जिलबीचं ताट घेऊन जागच्या जागी थबकल्या. आम्ही दोघींनी माना खाली घालून जेवण संपवलं. वडील गेले तेव्हा ती एका भिंतीला, मी दुसऱ्या. माझा नवरा मेल्याचं कळलं तेव्हा मी सहामाहीचे पेपर तपासत होते, आणि तपासत राहिले. राग एवढी वर्षं ताजा ठेवणं हेही कष्टाचंच काम असतं. मी ते नेमानं केलं आणि त्यात फार थकले.

तीन-एक वर्षांपूर्वी एक ऑटो दाराशी थांबला. आधी एक तरुण मुलगी उतरली, तोंडावर ओढणी धरून, आणि तिच्यामागून शालू. केस पिकलेले, पाय सुजलेले. ती पायरीखालीच उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, हे सोनल. अक्षयची बायको. हिले आत घे. मी येत नाई." अक्षय म्हणजे तिचा तोच मुलगा, कोर्टाच्या व्हरांड्यात बिस्किटं खाणारा. सोनलनं ओढणी काढली नाही, पण डोळा सुजलेला दिसतच होता. खरं सांगते, माझ्या मनात पहिल्यांदा त्या मुलीची दया आली नाही. मला वाटलं, आली वेळ. मी म्हटलं, "आता काऊन आली माह्याकडं? तुले त काही दिसत नसते न?" शालू शांतपणे म्हणाली, "तुले जे बोलाचं ते मले बोल. तिच्यासमोर नको बोलू, ते काल रातपासून जेवली नाई." मी दारातून बाजूला झाले. दार लावून घ्यायला मला एक क्षणही लागला नसता, हे शालूला माहीत होतं, आणि तरी ती आली होती.

दुसऱ्या दिवशी पोलिसात तीच सोनलला घेऊन गेली आणि पोराचं नाव तिनं स्वतः सांगितलं. मला वाटलं, आता राहते ही माझ्याकडेच. तर नाही. म्हणाली, "घर माहं बी हाये. मी काऊन निघू?" त्याच घरात राहिली, नवरा बोलेना, पोरगा ताटावरून उठून जाई, ही स्वतःपुरती पोळी टाकून खाई. पालीला भिणारी माझी बहीण! दर शनिवारी सोनलला भेटायला बसनं यायची आणि बाहेर पायरीवरच बसायची. मी आत ये म्हटलं नाही आणि तिनंही विचारलं नाही. सोनल चहा बाहेर नेऊन द्यायची. मी खिडकीशी काहीतरी निवडत बसायचे, कान तिकडेच. एकदा सोनल घरी नव्हती तर आम्ही दोघी, ती पायरीवर आणि मी उंबऱ्याच्या आत, पाऊण तास वांग्यांच्या भावावर बोललो.

गेल्या हिवाळ्यात तिची साक्ष झाली. मी मागच्या बाकावर होते. अक्षय समोर, बापाच्या शेजारी. वकिलानं विचारलं, सुनेला मारहाण होताना तुम्ही स्वतः पाहिलं का? शालूनं पदर सावरला आणि म्हणाली, "पाह्यलं. माह्या पोरानं मारलं, मी पाह्यलं." आणि मग, कुणी काही विचारलेलं नसताना, "साहेब, याच्या मोठ्या बापानं, माह्या मोठ्या दिरानं, माह्या बहिणीले मारलं, तेही मी पाह्यलं होतं. तिनं मले आवाज देल्ला आन् मी पोराले घेऊन पळाली. मंग इथंच उभी राहून खोटं बोलली." न्यायाधीशांनी हात वर केला. आवाज काही कडक नव्हता. "आजी, आज फक्त या प्रकरणाचं सांगा." आणि टंकलेखकाला म्हणाले, "ते घेऊ नका." यंत्राचा आवाज थांबला होता, तो पुन्हा सुरू झाला. इतक्या वर्षांत जे वाक्य ऐकण्यासाठी मी तळमळत होते, ते मी ऐकलं. मला वाटलं होतं, त्या दिवशी काहीतरी फार मोठं होईल. मला नुसती झोप आली, बसल्या जागी. बाहेर आल्यावर ती ऑटो शोधत होती, मी तिच्यासाठी पाण्याची बाटली घेतली. दोघी एकाच ऑटोत बसून बस स्टँडपर्यंत गेलो.

उन्हाळ्यात तिच्या किडन्या गेल्या. सेवाग्रामच्या दवाखान्यात मी रोज जायचे, तिच्या घरचे सकाळी आणि मी दुपारी, वाटून घेतल्यासारखं. शेवटच्या आठवड्यात तिनं सरळच विचारलं, "ताई, माफ केलं का मले?" मी म्हटलं, "अजून नाई, शालू." ती हसली. "बरं झालं. हो म्हटलं असतं त मले खरं वाटलं नसतं." थोड्या वेळानं म्हणाली, "अक्षयले माफ कर असं मी सोनलले म्हणणार नाई. तूही म्हणू नको." मी तिच्या पायांना तेल लावत होते. पाय बोटानं दाबले की खड्डा तसाच राहायचा. मला वाटलं, झोपली. तर डोळे मिटूनच तिनं विचारलं, "त्या दिवशी कोर्टात मी तुह्याबद्दल सांगतलं... ते लिहिलं न त्यायनं?" मी म्हटलं, "हो. सगळं लिहिलं." "नावानिशी?" "नावानिशी." तिनं मान हलवली आणि खरोखरच झोपली. जन्मभर खोट्याचा एवढा राग करणारी मी, आणि मला जीभ चावावीशीही वाटली नाही.

ज्याच्याविरुद्ध साक्ष दिली त्याच मुलानं तिला अग्नी दिला. मी आणि सोनल धाम नदीच्या काठाला लांब उभ्या होतो. सगळं आटोपल्यावर अक्षय माझ्याकडे आला, डोळे लाल, वाकला. मी पाय मागे घेतले. माफ करायचं काम माझं नाही, सोनलचं आहे, तिला करायचं असेल तर. तिची तारीख पुढच्या महिन्यात आहे, मी जाणार आहे सोबत.

आज शनिवार. सोनल कामावर गेली आहे. आत पंखा चालू आहे, तरी मी कागद घेऊन बाहेर पायरीवर येऊन बसले. इथे बसलं की कळतं, दुपारचं ऊन सरळ तोंडावर येतं आणि टेकायला भिंत नाही. ती इथे तास तास बसायची आणि मी खिडकीतून बघायचे.

शालिनीनं पाहिलं होतं, आणि भर कोर्टात तसं सांगितलं होतं. शालू, लिहिलं बघ. नावानिशी.