बंड्याचं उन्हाळ्याचं औषध

“उष्णता झालीय त्याला म्याडम, दुसरं काय नाय. एक थंडाव्याचं इंजेक्शन ठोका.” बंड्याला टेबलावर ठेवता ठेवता आण्णांनी निदानही सांगून टाकलं आणि उपचारही.

गंगापूर रोडवर माझा जनावरांचा दवाखाना. तिथे येणारा प्रत्येक माणूस आधी स्वतः डॉक्टर असतो, मग मला विचारतो. माझं निम्मं आयुष्य असल्या डॉक्टरांशी भांडण्यात गेलंय. पण त्या दिवशी मी भांडले नाही, कारण बंड्या टेबलावर ठेवला तसा पडून राहिला.

बंड्या म्हणजे पांढराशुभ्र पॉमेरियन. नव्वद सालानंतर नाशकात घराघरात ही पांढरी गाठोडी आली होती. आकाराने वीतभर, पण आवाज असा की वेटिंग रूममधले अल्सेशियन खुर्चीखाली शिरायचे. मी तर त्याला डोळ्यासमोर नको असायची. लस टोचायला गेले की आधी माझ्या एप्रनचा लचका. तो बंड्या माझा हात नाकाशी आला तरी नुसता बघत होता.

आण्णा लासलगावचे कांद्याचे व्यापारी. मूळ घर शेतीचं, मग मार्केट यार्डात गाळा घेतला. लिलावात एकदा ओरडले की चार ट्रॅक्टरपलीकडचा शेतकरी मागे वळून बघायचा. हाच माणूस बंड्याशी बोलताना मात्र “काय झालं माझ्या शोन्याला” असं बोबडं बोलायचा. बंड्या खरं तर त्यांच्या लेकीने आणलेला. लेक लग्न होऊन नगरला गेली, बंड्या मागे राहिला, आणि दोघा नवराबायकोंनी लेकीची सगळी माया त्याच्यावर ओतली. आण्णांबरोबर काकू आल्या होत्या. पदराने त्या बंड्याला वारा घालत होत्या.

“कधीपासून असं?”

“आठ-धा दिवस झालं. आधी नुसता धापा टाकायचा. ऊन बघा ना कसलं हाय! मग खाईना. आता तर लघवी बी लाल व्हती. उन्हाळी लागली वं त्याला,” काकू म्हणाल्या.

मी थर्मामीटर लावला. ताप नाही. ऊन लागलेल्या कुत्र्याचं अंग भाजत असतं. याचं तर उलट गारच पडत चाललेलं. मग वरचा ओठ उचलून हिरडी बघितली. हिरडी म्हणजे आमचा फुकटातला रिपोर्ट. निरोगी कुत्र्याची गुलाबी असते. बंड्याची चुना लावलेल्या भिंतीसारखी होती. स्टेथोस्कोप लावला तर काळीज नुसतं धावत होतं. अंगात रक्तच उरलं नाही की आहे तेवढं फिरवायला हृदय असं धावतं.

“आण्णा, ही उष्णता नाही. याच्या अंगातलं रक्त संपत चाललंय.”

“जखम तर कुठं नाय!”

“तेच शोधायचंय मला.”

पहिला संशय गोचिडांवर. गोचीड चावली की तिच्यातून एक बारीक जंतू रक्तात शिरतो आणि तांबड्या पेशी फोडतो. त्या फुटल्या की त्यांचा रंग लघवीतून जातो, म्हणून लघवी कडक चहासारखी होते. सगळं जुळत होतं. फक्त बंड्याच्या अंगावर औषधालासुद्धा गोचीड नव्हती. काकू त्याला रोज विंचरायच्या.

“खायला काय देता?”

“दूध-पोळी, दहीभात. अंडं कधीतरी,” काकू म्हणाल्या.

“उंदराचं औषध, कीटकनाशक, असलं काही चाटलंय का?”

“छ्या! जमिनीवर पाय कुठं ठेवतोय तो? आमच्या कडेवरच असतो,” आण्णा म्हणाले.

मी रक्ताचा थेंब घेतला आणि आतल्या खोलीत गेले. थेंब काचेवर पसरायचा, वाळवायचा, रंगवायचा आणि मायक्रोस्कोपखाली बघायचा, याला आम्ही स्मिअर म्हणतो. मोठ्या लॅबची गरज नाही, डोळे आणि धीर पाहिजे. मी गोचीडतापाचे जंतू शोधत होते. एकही सापडला नाही. सापडलं ते वेगळंच. तांबड्या पेशी पुरीसारख्या गोल असतात. इथे पेशीपेशीच्या कडेला एकेक बारीक गाठ आलेली, पुरीला फुगा यावा तशी. कॉलेजात असताना प्रोफेसरांनी हे एकदा दाखवलं होतं आणि विचारलं होतं, “हा कुत्रा काय खाऊन आलाय?” उत्तर होतं, कांदा.

मला स्वतःचंच हसू आलं. लासलगावचा कुत्रा, आणि मी गोचिडी शोधतेय!

तुम्ही म्हणाल, वासावरून नाही का कळलं? अहो, मे महिन्यात आण्णा दवाखान्यात आले की कांद्याचा वास त्यांच्या आधी आत यायचा. कपड्यांना, गाडीला, नोटांना, सगळ्याला तोच वास. तो कुत्र्याच्या तोंडाला येतोय की मालकाच्या शर्टाला, हे कोण सांगणार?

मी दारातूनच विचारलं, “आण्णा, यानं कांदा खाल्लाय का?”

“कांदा? नाय वो! वास आला तरी पळतो तो. एवढी चाळ भरलीय कांद्यानं, कधी तोंड नाय लावलं.” शपथेवर सांगावं तसं त्यांनी सांगितलं. त्यांना खोटं बोलायचं काही कारणही नव्हतं.

माझी मती गुंग झाली. पेशी तर खोटं बोलत नाहीत. पुढे काय विचारावं म्हणून मी टेबलापाशी आले, तर काकूंनी पिशवीतून औषधाची जुनी बाटली काढलेली. दुसऱ्या हातात बिनसुईची सिरिंज. जंताचं औषध पाजायला ती मीच त्यांना दिली होती. त्यांनी बाटलीतलं काहीतरी ओढून घेतलं आणि बंड्याचा गाल हळूच बाजूला केला.

“काकू, काय पाजताय?”

“औषध वं. याची येळ झाली.”

“कुणी दिलं?”

“कुणी कशाला द्यायला पाहिजे? घरचंच हाय. कांद्याचा रस, थोडा गूळ घालून. ऊन लागलं की आम्ही समद्यांना देतो. ह्याला सकाळ-संध्याकाळ चालूय.”

मी अक्षरशः झडप घालून ती सिरिंज हिसकावली. “अहो, आत्ताच विचारलं ना मी! कांदा खाल्लाय का म्हणून!”

“खाल्ला कुठं?” काकू कावऱ्याबावऱ्या झाल्या. “रस हाय तो. औषध हाय.”

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली होती! पण त्यांचं म्हणणं त्यांच्या परीने बरोबर होतं. मी ‘खायला काय देता’ विचारलं होतं. औषध हे काही खाणं नव्हे. कुठल्या घरात काढा जेवणात धरतात?

मग सगळा उलगडा झाला. उन्हाने बंड्या धापा टाकत होता, म्हणून रस सुरू केला. रसाने पेशी फुटायला लागल्या, लघवी लाल झाली. लाल लघवी म्हणजे उन्हाळी, म्हणून रस वाढवला. तो आणखी मलूल झाला, आणखी वाढवला.

आण्णा मात्र ऐकायला तयार नव्हते. “म्याडम, काहीतरी दुसरं असंल. आमच्या तीन पिढ्या कांद्यावर जगल्या. कांदा काय इष हाय व्हय?”

“तुमच्यासाठी अमृत आहे. मीही रोज खाते. पण कुत्र्याच्या रक्ताला तो सोसत नाही. कच्चा, शिजवलेला, वाळवलेला, रस काढलेला, कसाही. लसूणही तसाच. मांजराला तर याहून वाईट. हे बघा.”

मी त्यांना मायक्रोस्कोपपाशी नेलं. एक डोळा मिटून बराच वेळ बघत राहिले. त्यांना त्यातलं काय कळलं देव जाणे, पण मग मागे वळून त्यांनी ती बाटली बेसिनमध्ये ओतून टाकली.

काकू तिथेच बाकावर बसल्या. “माझ्या हातानं घातलं मी त्याला,” त्या म्हणाल्या. “पोरीला काय सांगू आता? रोज संध्याकाळी फोन करून आधी त्याचंच इचारती.”

माझा राग उतरला. राग करायचा तरी कुणाचा? मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. “काकू, अजून तो आहे. आपण हात टेकलेले नाहीत. पण त्याला रक्त चढवावं लागेल, आणि आजच.”

कुत्र्यांची ब्लड बँक तेव्हा नाशकात नव्हती. ब्लड बँक म्हणजे माझ्या ओळखीचे दोन-तीन धिप्पाड कुत्रे आणि त्यांचे दिलदार मालक. मी फोन फिरवले. मे महिना, शाळांना सुट्टी. सगळे डोनर मालकांबरोबर गावाला गेलेले.

“तुमच्याकडे दुसरा कुत्रा आहे का? मोठा, तब्येतीने चांगला?”

“नाय,” आण्णा म्हणाले.

“वाघ्या हाय की,” काकू म्हणाल्या.

“तो कुठं आपला? तो चाळीवरचा हाय.”

चाळ म्हणजे कांदा साठवायची लांबलचक हवेशीर शेड. वाघ्या कुठूनसा आला आणि तिथेच राहिला. रात्री राखण करायचा, उरलीसुरली भाकरी खायचा. त्याला ना पट्टा, ना लस. बंड्या रोज गॅलरीतून त्याला शिव्या घालायचा आणि तो मान वर करूनही बघायचा नाही.

माझ्या टेबलावरच्या फोनवरून आण्णांनी घरी मुलाला, सुनीलला हुकूम सोडला. “वाघ्याला पिकअपमध्ये घाल अन् नाशिकला ये. इचारू नको कशाला. नीघ!”

ते येईपर्यंत मी बंड्याला ऑक्सिजन लावला, हळूहळू सलाइन सुरू केलं. आण्णा त्याच्या कानाशी सतत काहीतरी पुटपुटत होते. मध्येच बंड्याचे डोळे फिरल्यासारखे झाले. मी तोंडाने “काही नाही, काही नाही” म्हणत राहिले. आम्हा डॉक्टरांना ते शिकवावं लागत नाही.

वाघ्या दारात उभा राहिला तेव्हा वेटिंग रूममधल्यांनी आपापले कुत्रे जवळ ओढले. बदामी रंग, एक कान फाटका, छाती पैलवानाची. छपराखालच्या फरशीवर त्याने बहुधा आयुष्यात पाय ठेवला नव्हता. एकेक पाय उचलून तो जपून आत आला. मी हिरडी बघितली. डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल! त्याचाही स्मिअर केला, स्वच्छ निघाला. मग खात्रीसाठी विचारलं, “याला दिला होता का हो रस?”

“त्याला कोण देतंय म्याडम?” काकू पटकन बोलून गेल्या. आणि बोलल्यावर त्यांनी वाघ्याकडे असं बघितलं, जणू आज पहिल्यांदाच बघत होत्या.

कुत्र्याला पहिल्यांदा दुसऱ्याचं रक्त दिलं तर सहसा चालून जातं. तरी दोघांचं रक्त काचेवर एकत्र करून गुठळ्या होत नाहीत ना, हे मी तपासलं. मग वाघ्याला आडवा केला. गुंगीचं थोडं औषध तयार ठेवलं होतं, पण लागलं नाही. आण्णांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. “वाघ्या, गप रे बाबा. गप माझ्या राजा,” ते म्हणाले. त्यांच्या तोंडून आपलं नाव इतक्या मऊ आवाजात ऐकून वाघ्यालाच नवल वाटलं असावं. मानेतल्या शिरेत सुई गेली तरी तो हलला नाही. शेपटी मात्र फरशीवर आपटत होती.

रक्त थेंबथेंब बंड्याच्या पायातल्या शिरेत जायला लागलं. घाई केली तर अंग थरथरतं, उलटी होते, कधी कुत्रा दगावतोही. मी खुर्ची ओढून शेजारीच बसले. काकूंचा जप चालू होता, पण त्याची माळ काही पुढे सरकत नव्हती. दुपार उतरली. मी दर थोड्या वेळाने बंड्याचा ओठ उचलून बघायची. पांढरं, पांढरं, पांढरंच. मग मला वाटलं रंग बदललाय. आपल्याला हवं म्हणून दिसतंय की काय, अशी शंका आली, म्हणून मी सुनीलला बोलावून विचारलं.

“गुलाबी हाय की जराशी,” तो म्हणाला.

दिवे लागायच्या सुमाराला बंड्याने मान उचलली. समोर वाघ्या बिस्किटं खात बसलेला. बंड्याने त्याच्याकडे बघितलं, ओठ मागे खेचला आणि गुरगुरला. आवाज मांजराच्या पिलाएवढा, पण शिवीच होती ती. आण्णा हमसाहमशी रडायला लागले आणि मी खिडकीकडे तोंड करून उगीच पडदा नीट केला.

पुढचे काही दिवस मी त्याला दवाखान्यातच ठेवला. लिव्हरचं औषध, आयर्न, पौष्टिक खाणं. नवं रक्त अंगात तयार व्हायला लागलं. माझ्या एप्रनचा पहिला लचका तोडला, त्या दिवशी मी त्याला घरी सोडला. लेकीचा फोन मग मलाच आला. ती नुसती नाक ओढत होती.

त्या दिवसापासून ‘खायला काय देता’ हा प्रश्न मी सोडून दिला. आता विचारते, ‘तोंडात काय काय घालता?’ मग एकेक बाहेर येतं. ओव्याचा अर्क, हिंग, मुलाच्या तापाचं सिरप, आजोबांची गुडघेदुखीची गोळी. मांजराला क्रोसिन देऊन आणणारे तर किती! त्या एका गोळीने मांजर मरतं. हे सगळं कुणी वैरी करत नाही. विष घातलेले कुत्रे माझ्याकडे क्वचित येतात, मायेने बाधलेले रोज येतात.

पावसाळा संपल्यावर आण्णा आणि काकू पुन्हा आले. बंड्या काकूंच्या कडेवर, आणि गाडीच्या पुढच्या सीटवरून वाघ्या उतरला. गळ्यात लाल पट्टा. त्याची लस टोचायची होती. मी त्याला वजनकाट्यावर उभा केला आणि कपाळावर हात मारला.

“काकू! काय पाजताय याला?”

“पाजत काय नाय वं. तूप-पोळी फक्त. दोन येळेला.”

“तूप बंद करा. चालता येणार नाही त्याला चार महिन्यांनी.”

काकूंनी पदर खोचला. इतक्या वर्षांत मला उलट बोलल्या नव्हत्या, त्या दिवशी बोलल्या. “म्याडम, तुम्ही कांदा बंद म्हणल्या, बंद केला. पण रक्त दिलंय त्यानं. त्याला कोरडी पोळी घालू व्हय मी?”

मी एकदा काट्यावरचा आकडा बघितला, एकदा वाघ्याचा तो फाटका कान.

“अर्धा चमचा,” मी म्हटलं. “एकाच वेळेला.”