सायकल आत मावेल अशी गाडी

गाडी मी सूडापोटी घेतली. लोक गाडी घेतात ती मुलांच्या शाळेसाठी, म्हाताऱ्यांच्या दवाखान्यासाठी, नाहीतर शेजाऱ्याने घेतली म्हणून. मी घेतली ती आमच्या जुईनगरच्या सोसायटीच्या चेअरमनची जिरवायला. हे मी तेव्हा लपवलं नाही आणि आताही लपवत नाही.

आमच्या बिल्डिंगमध्ये प्रत्येक फ्लॅटला खाली पार्किंगची एक जागा आहे. आमची जागा लिफ्टच्या अगदी दाराशी. बाकी सगळ्यांना पुढच्या बाजूने पायऱ्या चढून लिफ्टकडे यावं लागतं. आमच्या जागेतून मात्र सपाट जमिनीवरून सरळ लिफ्टमध्ये शिरता येतं, फक्त तिथे गाडी उभी असली की बाजूने माणसाला अंग चोरून जावं लागतं. आमच्याकडे गाडी नव्हती. चेअरमनच्या घरात दोन होत्या. एका दिवाळीत ते फराळाचं ताट घेऊन आले आणि उठता उठता म्हणाले, "तुमची जागा रिकामीच असते ना, पोराची गाडी लावू का?" माझा नवरा कमालीचा भिडस्त. तो म्हणाला, "लावा की! आमची कुठे गाडी आहे?" झालं. चार चकल्यांवर जागा गेली.

पुढे मी सायकल घेतली. जाड टायरची, पुढे शॉकअप असलेली, डोंगरात चालवायची. पन्नाशी जवळ आली होती आणि गुडघे कुरकुरायला लागायच्या आत एखादा डोंगर स्वतःच्या पायांनी चढावा, अशी इच्छा होती. दर रविवारी सकाळी मी पारसिकच्या टेकडीवर जायचे. वर पोचल्यावर धाप लागलेली असायची, तोंडाला फेस यायचा, आणि मी इतकी खूश असायचे की घरी आल्यावर नवऱ्याशी उगाचच गोड बोलायचे. सायकल आमच्याच जागेत ठेवायची, चेअरमनच्या मुलाच्या गाडीमागे भिंतीला लावून, साखळीने पाइपाला बांधून. आपल्याच जागेत आपण चोरासारखं कोपऱ्यात.

एकदा आठवडाभर आईकडे तळवलीला गेले होते. परत आले तर सायकल नाही. चेअरमननी 'स्वच्छता मोहीम' काढली होती. साखळी कापून त्यांनी सायकल गच्चीवर नेऊन टाकली होती, मोडक्या खुर्च्या आणि फुटक्या कुंड्यांच्या ढिगात. आठवडाभर ती पावसात पडून होती. चेन लाल झालेली, शॉकअप जाम, सीटमधून पाणी गळतंय. मी गच्चीवर उभी राहून रागाने रडले.

मीटिंगमध्ये विषय काढला, तर चेअरमन खुर्चीत रेलून म्हणाले, "वैनी, टेन्शन नका घेऊ. पार्किंग गाड्यांसाठी असतं. सायकल म्हणजे खेळणं झालं. तुमी चारचाकी आणा, त्या मिनिटाला जागा तुमची!" सगळे हसले. माझ्याकडून कैरीचं लोणचं नेणाऱ्या बायकासुद्धा हसल्या. माझा नवराही हसला. त्याला पुढे आठवडाभर दुधीची भाजी खाऊ घातली आणि तो विषय संपवला. पण चेअरमनला दुधी पुरणार नव्हता.

त्यांनी वर नियमही काढला, सायकल लिफ्टमधून न्यायची नाही, टायरचे डाग पडतात. म्हणजे दुरुस्त करून आणलेली सायकल खांद्यावर टाकून मी चौथ्या मजल्यावरच्या आमच्या घरापर्यंत चढायचे. दुसऱ्या मजल्यावर चेअरमनचं दार. ते नेमके तेव्हा पेपर उचलायला बाहेर यायचे आणि म्हणायचे, "व्यायाम चांगला होतो, नाही?" त्यांच्या बायकोला बिल्डिंगमध्ये सगळे काकू म्हणतात. त्या आतून ओरडायच्या, "अहो, गप्प बसा की!" आणि मला म्हणायच्या, "पाणी पिऊन जा गं." मी कधी थांबले नाही. त्या घरचं पाणीसुद्धा नको, असं मी ठरवलं होतं.

मग एका सकाळी, तिसऱ्या मजल्यावर दम खाताना, मला त्यांचं वाक्य नीट ऐकू आलं. चारचाकी आणा, जागा तुमची. भर सभेत बोलले होते, सगळ्यांच्या साक्षीने. बरं तर, आणते. आणि सायकल त्या गाडीच्या पोटात घालून तिथेच ठेवते. गाडीत काय आहे यावर कुठल्या चेअरमनचा नियम चालत नाही.

मागे रॅक लावून सायकल लटकवता येते, असं नवरा म्हणाला. पण बाहेर लटकलेल्या वस्तूवर चेअरमनचा हात पोचतो. शिवाय मला आता उरणकडच्या डोंगरात जायचं होतं, आणि जासईच्या रस्त्याला कंटेनरच्या ट्रेलरमध्ये सापडलात तर मागची सायकल राहील की नाही, कोण सांगणार? नाही, सायकल आतच हवी. चाक न काढता. सोसायटीत शिरेल आणि रविवारी घाटात चढेल इतपतच लहान गाडी, पण सायकल अख्खी गिळणारी. नवऱ्याला गप्प राहायची शपथ घातली आणि शोरूम पालथे घालायला लागले.

पहिल्या शोरूममध्ये मी सायकलवरूनच गेले. वॉचमनने आडवा दांडा धरला. आतला मुलगा टाय सावरत आला आणि सांगायला लागला की गाडीची डिकी इतक्या लिटरची आहे. मी म्हटलं, "मी दूध आणायला चाललेय का? ही आत जाते का ते सांगा." त्याने सायकलच्या चिखलाकडे पाहिलं, सीटवर प्लास्टिक अंथरलं, आणि आम्ही दोघांनी मिळून जोर लावला. हँडल छताला अडलं. छत मागे उतरतं केलेलं होतं, दिसायला ऐटदार. दुसरीकडे सनरूफचं कौतुक चाललं होतं. "हे उघडून सायकलचं हँडल बाहेर काढायचं का?" असं विचारलं, तर तो मुलगा खरंच विचारात पडला. तिसऱ्या गाडीची मागची सीट दुमडायची, पण पुरती आडवी होत नव्हती, मध्ये ही एवढी पायरी राहायची. सायकल त्या पायरीवर चढायची आणि दार लागायचं नाही. प्रत्येक शोरूममधून मी चहा पिऊन आणि जास्तच चिडून बाहेर पडायचे. रात्री पडल्या पडल्या गाड्यांच्या पाठी डोळ्यांपुढून जायच्या.

आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "मानसां बसाला गाडी घेतान गो बाय. तू सायकलीला बसवाला घेतंस? डोकां ठिकानावर हाय ना?" मी म्हटलं, अगदी ठिकाणावर आहे, इतकं कधी नव्हतं.

शेवटी तुर्भ्याच्या बाजूला एका शोरूमच्या मागच्या कोपऱ्यात ती दिसली. उंच, चौकोनी, पाठ सरळ भिंतीसारखी. विकणारा मुलगाच म्हणाला, "मॅडम, ही जुन्या टाइपची आहे, लोक डबा म्हणतात. नवीन मॉडेल दाखवू का?" मी मागचं दार उघडलं. तळ खाली, तोंड रुंद. सीट आडवी केली तर जमीन सपाट. सायकलची सीट थोडी खाली घेतली, हँडल वळवलं आणि एका दमात ती आत गेली. दार खट्कन लागलं. मी त्या मुलाला म्हटलं, "हाच डबा द्या." तो रंग कुठला विचारत होता. म्हटलं, जो दसऱ्याला मिळेल तो.

दसरा मी मुद्दाम धरला. दसऱ्याला आमची अख्खी बिल्डिंग खाली असते, गाड्या धुवायच्या, झेंडूच्या माळा घालायच्या. आणि नवी गाडी आली की गेटवर तिचा नारळ चेअरमननी फोडायचा, ही आमच्याकडची रीत. रीत त्यांनीच पाडलेली. कुणाच्या दारात गाडी आली आणि नारळ दुसऱ्याने फोडला, तर ते महिनाभर बोलत नसत.

मी गाडी गेटवर आणून थांबवली आणि सगळ्यांदेखत हात जोडून म्हटलं, "चेअरमनसाहेब, नारळ तुमच्या हातचा." ते फुलले. "वा, वैनी! छुप्या रुस्तम निघालात!" काकूंनी ओवाळलं, बॉनेटवर स्वस्तिक काढलं. चेअरमननी नारळ आपटला, खोबऱ्याचा पहिला तुकडा स्वतः खाल्ला, पेढा घेतला. चाकाखाली लिंबं चिरडली. मग त्यांनी विचारलं, "आता लावणार कुठे? बाहेर रस्त्यावर जागा बघायला लागेल."

"तुम्ही सांगितलंत तिथेच," मी म्हटलं. "त्या मिनिटाला जागा आमची, असं म्हणाला होतात."

मग कुणीतरी मागून हसलं आणि ते हसू पसरलं, मीटिंगमधलीच तोंडं, या वेळी माझ्या बाजूने. चेअरमनच्या तोंडात अजून माझा पेढा होता. त्यांना मुलाला हाक मारावी लागली. माळ घातलेली त्याची गाडी सगळ्यांसमोरून उलटी बाहेर निघाली आणि आमचा डबा आत गेला. मी उतरले आणि मागचं दार उघडलं. आत सायकल, तिलाही झेंडूची माळ.

"हे... हे पार्किंगमध्ये?" ते म्हणाले.

"पार्किंगमध्ये चारचाकीच आहे," मी म्हटलं, आणि दार लावलं.

नंतरचे कितीतरी दिवस मी संध्याकाळचा चहा बाल्कनीत घ्यायचे. खाली त्यांचा मुलगा गाडी लावायला जागा शोधत गल्लीत फेऱ्या मारायचा. चहा इतका गोड मला कधीच लागला नव्हता. रविवारी उरणच्या डोंगरात चढ चढताना मी प्रत्येक पायडलला चेअरमनचा पडलेला चेहरा आठवायचे आणि पाय आपोआप फिरायचे.

उन्हाळ्यात काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्यांना घरी आणायच्या आदल्या संध्याकाळी चेअरमन आमच्या दारात आले. आत बसा म्हटलं, तर बसले नाहीत. चपलांकडे बघत म्हणाले, "उद्या हिला आणतोय. डॉक्टरनी पायऱ्या नको सांगितल्यात. तासभर तुमची जागा दिलीत, तर गाडी लिफ्टपर्यंत नेता येईल." नवरा माझ्याकडे बघत होता. तो काही बोलायच्या आत मीच बोलले. "जागा आमच्या गाडीची आहे. नियम तुमचाच." ते मान हलवून गेले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. नवरा आपलं ताट घेऊन बाल्कनीत जाऊन जेवला.

रात्री मी स्वतःला बजावलं की सायकल पावसात आठवडाभर पडली होती, तेव्हा त्यांना दया आली नव्हती. हे खरंच होतं. तरी दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्यांची गाडी गेटवर दिसली, तशी मी किल्ली घेतली, खाली धावले, डबा काढून बाहेर रस्त्यावर उभा केला आणि खिडकीतून हात करून त्यांना म्हटलं, "न्या आत!"

त्यांनी रिकामी जागा पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. तो चेहरा मी रोज आरशात बघत होते. त्यांनी गाडी पुढे नेली ती सरळ पायऱ्यांपाशी, आणि काकूंना तिथेच उतरवलं.

काकू कठड्याला धरून आडव्या आडव्या चढायला लागल्या. एक पाय, मग दुसरा, मग थांबायचं. चेअरमन मागून हात धरून, ताठ. मी धावत जवळ गेले, तर त्यांनी नुसता हात वर करून मला थांबवलं. अर्ध्यावर काकू दम खायला थांबल्या. घाम पुसला, माझ्याकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, "उभी काय राहिलीस? गाडी आत लाव गं, उन्हात तापेल."

मी गाडी आत लावली.