तपांबरातली सोडून दिलेली ओळ

निमोण्यात मी वीस वर्षं भूगोल शिकवते आहे, आणि वातावरणाचे थर हा माझा हुकमी धडा. तपांबर, स्थितांबर, मध्यांबर. खडू हातात आला की एका दमात मी फळ्यावर आभाळ उभं करते. तपांबरात वर जावं तशी हवा थंड होत जाते, गरम हवा वर चढते, हे माझी मुलं झोपेतून उठवलं तरी सांगतील. त्याच पानाच्या तळाशी एक ओळ आहे: थंडीत पहाटे कधीकधी हे उलटं होतं. ती परीक्षेत विचारत नाहीत, म्हणून दर वर्षी मी ती सोडून द्यायचे.

गेल्या माघात आमचा ऊस तुटून गेला. रानात घोट्याच्या वर पाचट पडलं होतं, म्हणजे उसाचा वाळका पाला. आमच्याकडे तो पेटवून मोकळे होतात, आणि पेटवतात तो पहाटे वारा पडलेला असताना, म्हणजे जाळ शेजाऱ्याच्या उसात जात नाही. पण रान घराला लागून आणि सासूबाईंना दमा, म्हणून धाकट्या दिरानं मला विचारलं.

"वहिनी, धुराचं काय करायचं? आईला सोसंल का?"

"पहाटेच पेटवा भाऊजी. वारा नसला की धूर सरळ वर जातो."

सासूबाई ओट्यावर शेंगा फोडत होत्या. त्यांना मी आत्या म्हणते. त्या म्हणाल्या, "थंडीत धूर बसतो गं. चुलीचा बी बसतो."

मी हसले. कोळसा घेऊन तिथंच फरशीवर त्यांना थर काढून दाखवले. समजावून सांगायची मला भारी हौस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं बाई, तू शिकलेली हाईस."

दुसऱ्या दिवशी पहाटे दिरानं पाचट पेटवलं. मी गच्चीवरून बघत होते. धूर वर गेला खरा, लिंबाच्या शेंड्यापर्यंत गेला, आणि तिथंच अडला. पातेल्यावर झाकण ठेवावं तसा. मग आडवा पसरत घरावर आला. निरभ्र आभाळाखाली जमीन रात्रभर गारठली होती, तिच्यालगतची हवा थंड आणि जड झाली होती, आणि उबदार हवा वर होती. सोडून दिलेली ओळ मला तेव्हा शब्दन् शब्द आठवली.

धावत खाली आले तर आत्या कॉटवर उठून बसलेल्या. पंप ओढूनही श्वास आत जात नव्हता. ओठ निळे पडले होते. त्या माझ्या हातात जातात की काय, एवढंच माझ्या मनात होतं.

शिक्रापूरच्या दवाखान्यात ऑक्सिजन लावला, तेव्हा कुठं दुपारी त्या बोलायला लागल्या. डॉक्टर चिडले होते, नर्स शेजारीच उभी होती. "एवढा दमा असताना घराशेजारी पाचट पेटवायला सांगितलं कुणी?"

मी तोंड उघडलं, पण आत्या आधी बोलल्या. "म्याच सांगितलं पोराला."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. परतताना गाडीत मी विचारलं, "आत्या, माझी चूक तुम्ही स्वतःवर का घेतली?"

"ती नर्स तुझ्या हाताखाली शिकलेली. तिच्यादेखत कसं सांगू?" थोडा दम खाऊन त्या म्हणाल्या, "पोरं तुझं ऐकत्यात. त्यांना मातर नीट सांग."

आत्या आता विहिरीपर्यंत चालत जात नाहीत, ओट्यापर्यंतच येतात. पाचट आम्ही रानातच कुजवतो.

आत्या घरी आल्या त्याच आठवड्यात मी धडा तळाच्या ओळीपासून सुरू केला. पुढच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "बाई, हे परीक्षेला येतं का?"

"नाही," मी म्हणाले. "पण आज घरी गेल्यावर आजीला विचारा, थंडीत चुलीचा धूर कुठं जातो. आणि ती सांगेल ते वहीत लिहून आणा."